सरांचे बेदाणे

“हे सरांना आधी द्यायचं का नंतर?” आप्पांनी मांडीवरची कापडी पिशवी जराशी उचलून विचारलं.

“काय आहे?”

“बेदाणं. हिरवं, लांब दाण्याचं. चांगल्या मालातलं मी सोता बाजूला काढल्यालं.”

मी म्हटलं, कधीही द्या, काय फरक पडतो. आप्पांनी जरा विचार केला आणि पिशवी पुन्हा मांडीवर ठेवली. “आधी दिलं तर लाच दिसंल. नंतर देतो. नंतर दिलं की मान हुतो.”

पुण्यातल्या आमच्या विभागाच्या व्हरांड्यात, सेमिनार हॉलच्या दाराशी आम्ही बसलो होतो. थोड्या वेळात आत माझी पीएचडीची खुली मौखिक परीक्षा सुरू व्हायची होती. आप्पा पहाटेच्या एसटीने तासगावहून आले होते. तिथे एका बेदाण्याच्या शेडवर ते मुकादम होते. बायका माल निवडायला बसत आणि आप्पा त्यांच्यामधून फेऱ्या मारत. आईला गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नव्हता, म्हणून तिच्या वाटणीचं पाहून यायची जबाबदारीही आप्पांवरच होती. त्यांनी कोरी टोपी घातली होती आणि ती ते सारखी चाचपत होते.

खुल्या मौखिक परीक्षेला आमच्याकडे सगळे लग्नाचं रिसेप्शन म्हणत. लग्न आधीच लागलेलं असतं. परीक्षकांचे अहवाल आलेले असतात, प्रबंध मंजूर झालेला असतो, उरते ती शोभा. उमेदवाराने भाषण करायचं, बाहेरगावच्या परीक्षकांनी चार प्रश्न विचारायचे, नातेवाइकांनी मागच्या रांगेत बसून काही न कळता अभिमानाने ऐकायचं आणि शेवटी टाळ्या. बटाटेवडे आणि पेढे उमेदवाराने आणायचे. तरीही त्या सकाळी मला एक धास्ती होती, आणि ती कसली होती हे आप्पांना सांगण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात केसकर सर आले. आप्पा पटकन उठले, चपला काढल्या आणि हात जोडून उभे राहिले.

“जमदाडे, मुलीनं नाव काढलं तुमचं,” सर म्हणाले.

“तुमची किरपा सर. आमाला काय कळतंय त्यातलं.”

सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते आत गेले. आप्पांनी चपला घालायला बराच वेळ घेतला.

आमच्या घरी देवाखालोखाल डॉ. दिगंबर केसकर, आणि त्यात काही खोटं नव्हतं. माझं नाव दीपाराणी जमदाडे. पुण्यात आल्यावर त्यातल्या राणीची यथेच्छ थट्टा झाली. प्रवेशाच्या मुलाखतीत माझं इंग्रजी असं काही ठेचकाळत होतं की समितीतले दोघे उघड उघड कंटाळले. सर मध्येच म्हणाले, “मराठीत सांग. गणित कळल्याशी कारण.” मी मराठीत सांगितलं आणि माझी निवड झाली. पुढे मला डेंग्यू झाला तेव्हा सर स्वतः स्कूटरवरून हॉस्टेलवर मऊ खिचडीचा डबा आणून देत आणि मी खाईपर्यंत खाली थांबत. हे सगळं आधीच सांगते, कारण पुढचं वाचून सरांविषयी जे मत होईल त्यात हेही असू द्यावं.

माझा विषय होता अंटार्क्टिकावरचा बर्फ. बर्फ म्हणाल तर मी तोवर पाहिला होता तो जत्रेतल्या गोळ्याचा. आमचं सगळं काम कॉम्प्युटरवर. अंटार्क्टिकाचा नकाशा बारीक चौकटींत कापायचा, प्रत्येक चौकटीत बर्फ किती जाड, खाली खडक किती खोल, ते भरायचं आणि मग प्रोग्रॅमला सांगायचं की चल, शेकडो वर्षं पुढे जा आणि बर्फाचं काय होतं ते सांग. आप्पा शेडवर सांगत, आमची पोरगी बर्फाचा हिशोब करते. याहून चांगली व्याख्या मला अजून सुचलेली नाही.

पुढचं समजायला एकच गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. तिथला बहुतेक बर्फ खडकावर टेकलेला आहे. काठाशी मात्र तो समुद्रावर तरंगतो. तरंगणाऱ्या बर्फाला खालून समुद्राचं पाणी खातं. टेकलेल्याला खात नाही, कारण पाणी तिथे पोचतच नाही. टेकलेला कुठे संपला आणि तरंगणारा कुठे सुरू झाला, या सीमेवर आमच्या विषयातली निम्मी भांडणं होतात.

परीक्षेच्या दोन वर्षं आधी आम्ही एका मोठ्या तुलनेत भाग घेतला होता. जगभरातल्या गटांनी एकच गणित आपापल्या प्रोग्रॅमवर सोडवायचं. दक्षिणेकडचा समुद्र तापला तर बर्फ किती घटेल? उत्तरं सगळ्यांची एकाच आलेखावर, प्रत्येक गटाची एक रेघ. आमच्या विभागाची रेघ काढायचं काम माझ्याकडे होतं. आलेख आला तेव्हा इतरांच्या रेघा एकमेकींच्या आगेमागे सावकाश उतरत होत्या. आमची मात्र विहिरीत दगड टाकावा तशी सरळ खाली गेली होती.

आयोजकांनी सरांना सभ्य शब्दांत विचारलं, एकदा तपासून पाहाल का? सरांनी उत्तर धाडलं ते सगळ्या गटांना, आणि त्याची प्रत मला. माझ्या विद्यार्थिनीच्या हातून प्रोग्रॅममध्ये चूक झाली आहे, आम्ही आमचं उत्तर मागे घेत आहोत, तसदीबद्दल दिलगीर आहोत. विद्यार्थिनीचं नाव पूर्ण लिहिलं होतं, राणीसकट.

मी तो मेल कॅन्टीनमध्ये वाचला आणि चहा तसाच ठेवून उठले. ज्यांचे पेपर वाचून मी शिकले होते, त्या सगळ्यांनी माझं नाव पहिल्यांदा ऐकलं ते असं. चूक कुठली, हे सरांना विचारायलाही मला तोंड नव्हतं. धीर करून विचारलं तेव्हा ते म्हणाले, शोध, सापडेल. मी शोधत राहिले. स्वतः लिहिलेली ओळ न् ओळ उलटीपालटी केली. पावसाळा संपला तरी चूक सापडेना. चूक केल्याची लाज होतीच, पण आपली चूक आपल्यालाच सापडू नये याची लाज मला जास्त खात होती. मुलंमुली जेवायला बोलवत, मी काहीतरी कारण सांगून टाळत असे.

सरांचा भाग मी पाहिलाच नव्हता. कुणीच पाहत नसे. आमच्या प्रोग्रॅमचा गाभा सरांनी तरुणपणी लिहिला होता आणि त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांनी त्याच्याभोवती आपापलं बांधकाम केलं होतं. त्या गाभ्याला हात लावायची रीत नव्हती. त्याचा पहिला प्रिंटआउट, कडेला भोकं असलेल्या जुन्या सलग कागदाचा जाडजूड गठ्ठा, लाल कापडात बांधून कपाटात ठेवलेला असे. तो बाहेर निघायचा वर्षातून एकदा, खंडेनवमीला. कारखान्यात यंत्रांची पूजा होते तशी आमच्याकडे सर्व्हरची व्हायची. त्या दिवशी मशीन बंद. सर्व्हरला झेंडूची माळ, पुढे पाट, पाटावर सरांचा गठ्ठा आणि त्यावर हळदकुंकू. बाहेरचे पाहुणे हसायचे, पण आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

त्या वर्षी पूजा मांडायचं काम माझ्याकडे आलं. मी गठ्ठा पाटावर उघडून ठेवला. ऑफिसातले क्लार्क काडेपेटी आणायला गेले. मशीन बंद असल्यामुळे दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून मी समोरचं पान वाचू लागले. त्यावर आदल्या वर्षांच्या कुंकवाचे डाग होते. एका डागाशेजारी सीमेचा हिशोब होता. तो मी पुन्हा पहिल्यापासून वाचला. टेकलेल्या बर्फाची शेवटची ओळ, म्हणजे सीमेला लागून असलेल्या चौकटी, सरांच्या प्रोग्रॅमने तरंगत्या धरल्या होत्या. म्हणजे जिथे पाणी पोचतच नाही तिथलाही बर्फ आमचं पाणी खात होतं. ती ओळ संपली की तिच्या मागची ओळ सीमेवर यायची, मग पाणी तीही खायचं. असं करत करत आमच्या प्रोग्रॅमने अंटार्क्टिका पोखरत नेला होता.

क्लार्क काडेपेटी घेऊन आले, निरांजन लागलं, आरती झाली. मी टाळ्या वाजवत होते. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. चूक माझी नव्हती.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर मी सरांच्या खोलीत गेले आणि ती जागा दाखवली. सरांनी ती दोनदा वाचली. मग त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली.

“हे लिहिलं तेव्हा आम्ही खालचं पाणी गारच धरायचो,” ते म्हणाले. “वितळणं शून्य. ती ओळ इकडे धरली काय नि तिकडे धरली काय, उत्तर तेच.”

“हो सर.”

“मेल पाठवला तेव्हा मला याची कल्पना नव्हती, दीपा.”

“हो सर.”

मग ते पुष्कळ बोलले, शांतपणे, मला समजावून. आधीच्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या पीएचडी याच प्रोग्रॅमवर झाल्या होत्या. त्यांच्या कामात गरम पाणी नव्हतं, त्यामुळे त्यांची उत्तरं बरोबरच होती, पण मूळ प्रोग्रॅम चुकीचा निघाला असं एकदा पसरलं की एवढा खुलासा ऐकायला कोण थांबतं? त्यांची निवृत्तीही जवळ आली होती. मेल तर जाऊन वर्ष होत आलं होतं, लोक विसरलेसुद्धा असतील. मी ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, “तुझं नाव अजून लहान आहे. लहान नावावर चूक लहान दिसते.”

मी मान हलवली. त्यांनी मला विश्वासात घेतलं याचं मला जरासं बरंही वाटलं, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो. दोघांनी बसून ती ओळ दुरुस्त केली. नवी रेघ इतरांच्या घोळक्यात शहाण्यासारखी उतरू लागली. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात एक तळटीप गेली: आधीचं उत्तर प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे मागे घेतलं होतं. चूक कुणाची, याबद्दल तळटिपेत काही नव्हतं.

माझी धास्ती होती ती या तळटिपेची.

बाहेरचे परीक्षक होते केरळचे प्रा. थंपी, मृदू आवाजाचे आणि हसऱ्या चेहऱ्याचे. माझं भाषण बरं झालं. इंग्रजी आता ठेचकाळत नव्हतं. आप्पा शेवटच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसले होते, आणि बर्फाचं चित्र आलं की शेजारच्याकडे बघून मान डोलावत होते. थंपींनी दोन सोपे प्रश्न विचारले. मग त्यांनी चौथं प्रकरण उघडलं.

ते म्हणाले की या प्रबंधात त्यांना सगळ्यात जास्त आवडली ती एक तळटीप. एवढ्या जुन्या, रुळलेल्या प्रोग्रॅममधून अशी चूक हुडकून काढणं हे नव्या प्रकरणाएवढंच मोलाचं काम आहे, आणि ते नीट नोंदलं जावं असं त्यांना वाटतं. म्हणून त्यांना एवढंच हवं होतं: ही चूक तुला वारशाने मिळालेल्या भागात होती, की तू स्वतः लिहिलेल्या?

मी पहिल्या रांगेत सरांकडे पाहिलं. मला वाटलं, ते उठतील. बसल्या जागेवरूनच म्हणतील, थंपी, तो भाग माझा. त्यांना एका वाक्याचं काम होतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते समोरच्या टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते. पदवीच्या कागदावर त्यांची सही राहिली होती, परदेशातल्या जागेसाठी त्यांची शिफारस लागणार होती, हे सगळं त्या क्षणी डोक्यात आलं. आणि ती खिचडीही आली.

“माय मिस्टेक, सर,” मी म्हणाले. “तो भाग मी लिहिला होता.”

थंपींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग जरा जास्त वेळ केसकर सरांकडे. “ओके,” ते म्हणाले आणि त्यांनी प्रबंध मिटला. ज्या कामाचं कौतुक ते करायला निघाले होते, ते आता स्वतः सांडलेलं पुसण्याएवढंच उरलं होतं.

पदवी देण्याची शिफारस जाहीर झाली, टाळ्या झाल्या. सगळे उठून चहाकडे वळले. मी पेढ्यांचा बॉक्स उघडून आप्पांकडे गेले. त्यांनी पेढा घेतला नाही.

“काय मिस्टेक झाली गं?”

इंग्रजीतलं आप्पांना काही कळणार नाही असं मी धरून चालले होते. पण मिस्टेक कुणाला कळत नाही?

“काही नाही आप्पा. जुनी गोष्ट. दुरुस्त झाली ती.”

“सर मान खाली घालून बसलं हुतं. मी बघत हुतो. तू मिस्टेक म्हनलीस आनि त्येंनी वर बघितलंच न्हाई.” आप्पांचा आवाज चढला नव्हता. “ज्या मानसानं तुला हाताला धरून हितवर आनलं, त्येची मान तू चार लोकांत खाली घातलीस व्हय गं?”

मी म्हटलं, आप्पा, तसं नाही. ते म्हणाले, मग कसं? मागे विभागातले लोक वडे खात होते, थंपी कुणाशी तरी बोलत होते, आणि सर चार पावलांवर उभे होते. कसं ते सांगायला तीच चार पावलं आड आली.

आप्पांनी टोपी सारखी केली आणि ते सरांपुढे जाऊन उभे राहिले. मीही मागोमाग गेले, बॉक्स हातात तसाच.

“सर, पोरीकडनं चूक झाली,” आप्पा म्हणाले. “तिच्यापायी तुमाला खाली बघायची पाळी आली. आमाला त्यातलं कळत न्हाई, पन एवढं कळतंय. तिच्या वतीनं मी माफी मागतो.”

आणि ते वाकले. आप्पा सरांपेक्षा वयाने मोठे होते. शेडवरच्या मालकापुढेही मी त्यांना कधी वाकलेलं पाहिलं नव्हतं. सरांचे हात त्यांना धरायला पुढे आले, पण आप्पांची बोटं तोवर सरांच्या बुटांना लागली होती. सरांनी त्यांना उठवलं. माझ्याकडे एकदा, क्षणभर, पाहिलं. मला अजूनही वाटतं की त्यांचे ओठ काहीतरी वेगळं बोलायला उघडले होते.

“असू द्या, जमदाडे,” ते म्हणाले. “मुलं चुकतात. आपण सांभाळून घ्यायचं.”

“तुमचा मोठेपना सर.” आप्पांनी पिशवी पुढे केली. मान म्हणून आणलेले बेदाणे त्यांनी माफीसोबत दिले, आणि सरांनी ते दोन्ही हातांनी घेतले.

मग मी काय केलं? मी सरांपुढे पेढ्यांचा बॉक्स धरला. त्यांनी एक पेढा उचलला.

एसटी स्टँडवर आप्पांनी मला एवढंच सांगितलं की आता सरांना अंतर देऊ नकोस. त्यांनी स्वतः तरी दिलं नाही. दर दिवाळीला सरांच्या घरी दोन किलो बेदाणे पोचत राहिले, हिरवे, लांब दाण्याचे. मी परदेशी गेले, खरा बर्फही पाहिला, परत येऊन पुण्यातच शिकवू लागले, माझेही विद्यार्थी झाले. पिशवी चुकली नाही. आप्पांना वाटे, मुलीच्या चुकीची भरपाई होते आहे. पोचले, असा सरांचा त्यांना दर वर्षी फोन येई. फोन ठेवल्यावर आप्पा म्हणत, मानूस म्हंजे मानूस हाय, एका शब्दानं जुनं काढत न्हाई. मी समोर असले तर उठून पाणी प्यायला जाई. किती वेळा ठरवलं, आज सांगायचं. पण सांगितलं तर त्यांचा देव जाणार, आणि त्याच्या पायावर ते वाकले होते तेही उघडं पडणार. शिवाय मला वाटे, हे सांगणं सरांचं काम आहे. यातलं खरं कारण कुठलं, ते मी स्वतःला कधी फारसं विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात आप्पा गेले. मी सरांना कळवलं नाही. दिवाळी झाली आणि त्यांचा फोन आला. आवाज खूप म्हातारा झाला होता.

“दीपा, यंदा बेदाणे आले नाहीत.”

“आप्पा गेले, सर.”

मग ते म्हणाले, “दर वर्षी त्या पिशवीची भीती वाटायची मला. एक दाणा तोंडात घातला नाही गं कधी. वॉचमनला द्यायचो. यंदा आली नाही, तर जास्तच भीती वाटली.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “तू त्यांना सांगितलं होतंस?”

“नाही.”

“का?”

“तुम्ही सांगाल असं वाटत होतं.”

“मला वाटत होतं, तू सांगशील,” सर म्हणाले.

पुढच्या रविवारी ते माझ्याबरोबर तासगावला आले. मी नको म्हणत होते. ते ऐकेनात. गाडीत सबंध रस्ताभर आम्ही हवापाण्याचं बोललो. आईने त्यांना ओळखलं ते फोटोवरून. खुर्ची दिली, आतून पाणी आणलं. सर आप्पांच्या हार घातलेल्या तसबिरीकडे पाहत राहिले आणि मग काठी बाजूला ठेवून म्हणाले, “वहिनी, मला एक सांगायचंय. परीक्षेच्या दिवशी जमदाड्यांनी माझी माफी मागितली. ती चूक दीपाची नव्हती. माझी होती.”

आई खाली बसून ऐकत होती. सरांनी तिला कळेल अशा भाषेत सगळं सांगितलं. मेलबद्दल सांगितलं, पूजेतल्या गठ्ठ्याबद्दल सांगितलं, आप्पा त्यांच्या पायांवर वाकले तेही सांगितलं. “आणि तो मेल लिहिला तेव्हाच मला ठाऊक होतं,” ते म्हणाले. “ती रेघ पाहिल्या पाहिल्या कळलं होतं. हिला मी नाही म्हणून सांगितलं.”

हे मला नवीन होतं. मी सरांकडे पाहिलं. राग यायला हवा होता, पण समोर एक थकलेला माणूस काठी शोधत होता.

आई गुडघ्यावर हात रेटून उठली आणि आत गेली. बाहेर आली ती एक कापडी पिशवी घेऊन. तोंड सुतळीने बांधलेलं होतं, आप्पांच्या हाताची गाठ.

“ह्यांनी शिजनलाच काढून ठिवल्यालं तुमच्यासाठी,” ती सरांना म्हणाली. “ऱ्हाऊन गेलं पाठवायचं. न्या. एवढ्या लांब सांगायला आलासा, लई झालं.”

सरांनी पिशवी घेतली. आईने त्यांना म्हटलं, चहा ठेवते, जाऊ नका. मग ती माझ्याकडे वळली. इतका वेळ तिने माझ्याकडे पाहिलंच नव्हतं.

“ही चूक तुजी न्हाई, हे तुला तवाच ठाव हुतं?”

“हो.”

“ह्ये पायावर वाकले तवा?”

“हो आई.”

“आनि तू त्येंला वाकू दिलंस?”